पंचवीस लाख वर्षांची घाई

जी गोष्ट २५ लाख वर्षांपूर्वी होऊन गेली, तिच्यासाठी आज रात्री भरल्या ताटावरून उठणारी माणसं एकाच धंद्यात सापडतात. इतिहाससंशोधकांनाही जुन्याचं वेड असतं. पण ‘आजच्या आज बघून घ्या, गुरुवारपर्यंत पानिपत फिकं पडेल’ असा निरोप त्यांना कधी येत नाही. खगोलशास्त्रज्ञांना येतो. शेजारच्या देवयानी दीर्घिकेत एखादा नवतारा उजळला, की त्याचा प्रकाश २५ लाख वर्षं मुकाट्याने चालत राहतो, वाटेत कुणाला चकार शब्दाने काही बोलत नाही, आणि पृथ्वीवर पोचल्यावर अर्ध्या तासात चार खंडांतल्या लोकांची झोप उडवतो.

निरोप तारेने येतो. आपल्याकडे जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा लोकांनी शेवटच्या दिवशी रांगा लावून एकमेकांना तारा पाठवल्या. खगोलशास्त्रज्ञांनी मात्र १९९७ साली, घरोघरी ई-मेल शिरत असताना, ‘द अॅस्ट्रॉनॉमर्स टेलिग्राम’ या नावाची नवी तार सुरू केली आणि ती अजून धडधडीत चालू आहे. आमच्या लहानपणी दारात तारवाला दिसला की पाकीट उघडायच्या आधीच आजी रडायला सुरुवात करायची. या तारेतही स्फोटाचीच बातमी असते, पण पाठवणारा आनंदात असतो. अमुक रात्री, अमुक जागी, अमुक तेजाचा ठिपका दिसला. आदल्या रात्रीच्या चित्रात तिथे काही नव्हतं. कुणीतरी कृपा करून वर्णपट घ्यावा. एवढाच मजकूर.

माझी भाची या धंद्यात पडल्यापासून मला ही तार अप्रत्यक्षपणे मिळू लागली आहे. अप्रत्यक्षपणे म्हणजे, सणावाराला फोन केला की ती म्हणते, “मामा, नंतर बोलते, एक कॅन्डिडेट आलाय.” सुरुवातीला मी ही शुभवार्ता समजून बहिणीला लगेच कळवली होती. मग खुलासा झाला, की नुकत्याच दिसलेल्या ठिपक्याला नवतारा म्हणायची परवानगी नसते. तो नुसता उमेदवार. त्याचं कूळ-मूळ तपासून, त्याला एखाद्या वर्गात बसवून, तशी दुसरी तार सुटेपर्यंत तो उमेदवारच राहतो.

मुळात प्रकरण असं असतं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक श्वेतबटू. याने आपलं आयुष्य केव्हाच संपवलेलं. साधारण सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात कोंबून तो गप्प बसलेला. दुसरा संसारी, अजून हायड्रोजन बाळगून असलेला. श्वेतबटू या दुसऱ्याचा हायड्रोजन थोडा थोडा ओढून घेत राहतो. हजारो वर्षं हे चालतं. वरचा थर जाड होतो, खालून दाबला जातो, तापतो, आणि एके दिवशी त्याच्यात अणुभट्टी पेटते. ती आवरत नाही. सगळा थर सेकंदाला शेकडो ते हजारो किलोमीटर वेगाने भिरकावला जातो. गंमत म्हणजे एवढं होऊनही कुणी मरत नाही. फेकलेला माल सूर्याच्या दहाहजाराव्या किंवा लाखाव्या हिश्श्याइतका. श्वेतबटू जागच्या जागी, साथीदारही जागच्या जागी, आणि धुरळा बसला की हायड्रोजन ओढण्याचं काम मागील पानावरून पुढे चालू. अतिनवताऱ्यात ताऱ्याचा शेवट होतो. नवतारा हा त्या मानाने घरगुती मामला आहे.

घरगुती असला तरी दुरून तो नुसता ठिपका दिसतो, आणि ठिपक्यावरून कुणाच्या घरात काय झालं ते कळत नाही. म्हणून आधी मूळ गाव काढावं लागतं. गाडीत समोरच्या बाकावर कुणी बसला की आपण ‘कुठपर्यंत?’पासून सुरुवात करून तिसऱ्या प्रश्नाला ‘मूळचे कुठले?’वर येतो, आणि त्याने ‘पुणे’ म्हटलं तर ‘नाही, मूळचे?’ असं पुन्हा विचारतो. वर्णपट घेण्याचा पहिला हेतू नेमका हा असतो. देवयानीच्या दिशेला दिसला म्हणजे देवयानीचाच, असं नाही. मध्येच आपल्या आकाशगंगेतला एखादा तांबडा खुजा तारा तासभर भडकून उठतो आणि देवयानीचा असल्याचा आव आणतो. देवयानीतलेच काही म्हातारे तारे वर्ष-दीड वर्षाच्या आवर्तनाने फुगतात-आकसतात, आणि फुगले की नव्याने उगवल्यासारखे दिसतात. खरं गाव वेगावरून कळतं. अख्खी देवयानी सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे. अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी १९१२ साली हे प्रथम मोजलं. म्हणून तिथल्या रहिवाशाच्या वर्णपटातल्या रेषा तेवढ्या मापाने निळ्याकडे सरकलेल्या असायला हव्यात. नसतील, तर तो ‘मूळचा’ नव्हे.

यातला सगळ्यात बनेल उमेदवार म्हणजे ‘शारोव्ह २१’. १९९२ साली देवयानीच्या दिशेला हा ठिपका भडकला, सुमारे वीस पटींनी तेजस्वी झाला, आणि त्याला नवतारा म्हणून वहीत जागा मिळाली. अंमळ विचित्र नवतारा, पण नवतारा. पुढे कित्येक वर्षं तो त्या यादीत सुखाने नांदला. २०१० साली जर्मनीतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात निष्कर्ष आला, की हा मुळी देवयानीतला नाहीच. तिच्या कितीतरी मागे, अब्जावधी प्रकाशवर्षांवर असलेला क्वेसार आहे. म्हणजे एका दीर्घिकेच्या पोटातलं महाकाय कृष्णविवर कसला तरी मोठा घास घेताना चमकलं, आणि आपण त्याची नोंद शेजारच्या घरातला किरकोळ भडका म्हणून करून ठेवली. त्या लेखाच्या मथळ्यातच ‘हा उल्लेखनीय नवतारा नव्हे’ असा स्पष्ट खुलासा आहे. शास्त्रीय भाषेत एखाद्याला यादीतून इतक्या उघडपणे काढलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

ओळख पटवण्याचा हा गोंधळ अलीकडचा समजू नये. १८८५ सालच्या ऑगस्टमध्ये देवयानीच्या मध्याजवळ एक तारा उगवला आणि जवळजवळ नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका, म्हणजे सहाव्या प्रतीपर्यंत, चढला. त्या काळी देवयानी ही दीर्घिका आहे हेच ठरलेलं नव्हतं; ती ‘तेजोमेघ’ होती. तारा नवा, तेजोमेघ जुना. नोंद झाली, प्रकरण मिटलं. मग १९१७ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज रिची यांना दुसऱ्या एका सर्पिल मेघात नवा ठिपका सापडला. त्यांनी फडताळातल्या जुन्या छायाचित्रांच्या काचा काढून बघितल्या, तर देवयानीतही असे ठिपके होते. फक्त ते सतराव्या प्रतीच्या आसपासचे, म्हणजे १८८५ च्या ताऱ्यापेक्षा सुमारे २५ हजार पट फिके. एकाच घरात एक भाऊ असा आणि बाकीचे तसे, हे पाहून ज्याने त्याने सोयीचा भाऊ निवडला.

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनमध्ये हार्लो शॅपली आणि हिबर कर्टिस यांचा विश्वाच्या आकारावर वाद झाला. शॅपली म्हणाले, देवयानी जर खरंच आपल्या आकाशगंगेबाहेर इतकी लांब असेल, तर १८८५ चा तो तारा कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी मानावा लागेल, आणि असं कुठे असतं का? कर्टिस म्हणाले, फिक्या नवताऱ्यांकडे बघा, ते आपल्याकडच्या नवताऱ्यांसारखेच आहेत, फक्त फार लांब आहेत. तो एक दांडगा वेगळ्याच वर्गातला असू शकतो. शॅपलींचं गणित अचूक होतं. तो तारा खरोखरच कोट्यवधी सूर्यांइतका तेजस्वी होता. तो अतिनवतारा होता. हा वर्ग निर्माण करून त्याला ‘सुपरनोव्हा’ हे नाव वाल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ मध्ये दिलं. तात्पर्य काढायचंच तर वर्गाच्या फळीवर जागा रिकामी नसली की माणूस विश्वच लहान करून घेतो. पण तात्पर्य बाजूला ठेवू, कारण पुढची गोष्ट अधिक चांगली आहे.

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये, पाच-सहाच्या रात्री, एडविन हबल शंभर इंची दुर्बिणीतून देवयानीचं छायाचित्र घेत होते. शोधत होते नवतारेच. काचेवर तीन ठिपके दिसले, त्यांनी तिघांपुढे नवताऱ्याचा ‘एन’ लिहिला. मग जुन्या काचांशी ताडून पाहिलं, तर त्यातला एक ठिपका पूर्वीही कधी दिसे, कधी नसे. हबलनी त्याचा ‘एन’ खोडला आणि ‘व्हार!’ असं, उद्गारचिन्हासकट, लिहिलं. व्हेरिएबल, म्हणजे रूपविकारी तारा. आणि साधासुधा नव्हे, सेफिड जातीचा, ज्याच्या आवर्तनावरून अंतर काढता येतं. देवयानी आकाशगंगेबाहेर असल्याचा पुरावा त्या खोडाखोडीत सापडला. हबलनी शॅपलींना पत्राने कळवलं, तेव्हा या पत्राने माझं विश्व उद्ध्वस्त केलं अशा अर्थाचं काहीतरी शॅपली बोलले, आणि ते ऐकायला खोलीत सिसिलिया पेन ही तरुण संशोधिका हजर होती, असं तिनेच सांगून ठेवलं आहे. विसाव्या शतकातला एक फार मोठा शोध म्हणजे एका उमेदवाराचा अर्ज बाद झाल्याची नोंद आहे, हे भाचीला मी दर भेटीत ऐकवतो. ती म्हणते, “मामा, आमचा अर्ज बाद झाला की नुसताच बाद होतो.”

ही सिसिलिया पेन, लग्नानंतरच्या पेन-गापोश्किन, पुढे नवताऱ्यांच्या वर्गवारीतल्या एक थोर अधिकारी झाल्या. १९५७ च्या त्यांच्या ग्रंथात नवताऱ्यांचे वेगावरून पाच वर्ग आहेत. हा वेग स्फोटाचा नव्हे, विझण्याचा. ताऱ्याने कमाल तेज गाठल्यापासून दोन प्रती खाली यायला, म्हणजे तेज सहाव्या हिश्श्याच्याही खाली उतरायला, किती दिवस लागले ते मोजायचं. दहा दिवसांच्या आत उतरला तर अतिवेगवान. ११ ते २५ दिवस, वेगवान. ८० पर्यंत मध्यम, १५० पर्यंत मंद, २५० पर्यंत अतिमंद. त्यानंतर तक्ता संपतो. त्याहून सावकाश विझणाऱ्यासाठी शब्द उरला नसावा, किंवा बघणाऱ्याचा धीर.

तेज मोजण्याच्या या शास्त्राला दीप्तिमापन म्हणतात आणि त्यातली पहिली अडचण अशी, की मोजपट्टी उलटी आहे. पहिल्या प्रतीचा तारा ठळक, सहाव्या प्रतीचा जेमतेम, आणि आकडा वाढत जाईल तसा तारा दिसेनासा. ही ग्रीकांच्या काळची रीत. १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी तिला काटेकोर गणित दिलं, पाच प्रती म्हणजे बरोबर शंभर पट, पण उलटेपणाला हात लावला नाही. हेच पॉगसन पुढे आयुष्याची तीसेक वर्षं मद्रासच्या वेधशाळेत होते. तेव्हा आपल्याला तरी ही पट्टी परकी मानता येत नाही. परिणामी नवतारा चढतो तेव्हा आकडा पडतो. आलेख काढताना अक्ष उलटा घेतात म्हणजे चित्र सुलटं दिसतं, आणि नवख्या विद्यार्थ्याने काढलेला आलेख मार्गदर्शकाने डोक्यावर उभा करून परत द्यायचा, ही सगळीकडची परंपरा आहे.

दुसरी अडचण देवयानीची स्वतःची. तिचा मध्यभाग इतका उजळ असतो, की तिथला ठिपका मोजायचा म्हणजे आधी देवयानी वजा करावी लागते. जुनं चित्र नव्यातून वजा करायचं आणि जे उरेल त्याला मोजायचं. वर्षाला तिथे सुमारे ६५ नवतारे फुटत असावेत असा २००६ मधला एक बऱ्यापैकी मानला गेलेला अंदाज आहे. हबलना तो तीसच्या घरात वाटला होता. आजवर हजाराहून अधिक उमेदवारांची नोंद झाली आहे. बाकीचे त्या झगमगाटात येतात, भडकतात आणि कुणी नाव विचारायच्या आत विझून जातात.

तिसरी अडचण चंद्र. देवयानी मध्यरात्री सर्वांत उंच येते ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला. पाऊस नुकताच हटलेला, आभाळ धुऊन निघालेलं, आणि नेमका तेव्हाच कोजागरीचा चंद्र त्या बाजूच्या आकाशात येऊन बसतो. अख्खा महाराष्ट्र गच्चीवर दूध आटवत असताना भाची चंद्राकडे ज्या नजरेने बघते, ती नजर लक्ष्मीने पाहिली तर आमच्या घरावरून सरळ पुढे जाईल. ‘कोण जागं आहे?’ असं ती विचारते म्हणतात. जागे तर हेच लोक आहेत, वर्षभर. पण पगाराच्या आकड्यावरून ती अजून इकडे फिरकल्याचं दिसत नाही.

कमाल तेज नेमकं कधी होतं हे कळल्याशिवाय दोन प्रतींची मोजणी सुरू होत नाही, आणि कमाल तेज होतं तेव्हा ढग असतात. त्यामुळे वेगाचा वर्ग बहुधा मरणोत्तर मिळतो. शिवाय नियम केला की तो मोडणारा ठिपका निघतोच. लवकर विझणारा नवतारा अधिक तेजस्वी असतो, असा एक जुना, सुटसुटीत नियम होता; त्यावरून दीर्घिकांची अंतरंसुद्धा काढत. २०११ मध्ये मानसी कासलीवाल आणि सहकाऱ्यांनी पालोमारच्या साठ इंची दुर्बिणीने देवयानीत असे नवतारे दाखवून दिले, की जे झटपट विझतात आणि तरीही फिकेच. नियम पाळणारेही आहेत, न पाळणारेही आहेत.

वेगाने समाधान होईना, तेव्हा आलेखाच्या आकारावरून वर्ग आले. २०१० मध्ये आपल्या आकाशगंगेतल्या ९३ नवताऱ्यांचे आलेख समोर ठेवून अमेरिकन संशोधकांनी सात अक्षरं वाटली. एस म्हणजे निमूट उतरणारा; असे ३८ टक्के निघाले. पी उतरता उतरता पठारावर थांबणारा. डी स्वतःच्याच धुळीत काही काळ बुडून पुन्हा वर येणारा. जे सारखा दचकणारा. ओ हेलकावे खाणारा, एफ माथ्यावर आडवा पसरून राहणारा. आणि सी, उतरत असताना मध्येच पुन्हा चढून टोक काढणारा. सी फक्त एक टक्का. आमच्या नात्यागोत्यात मात्र ही टक्केवारी लागू पडत नाही, एवढं नमूद करून पुढे जातो.

खरी मजा वर्णपटात आहे. वर्णपटासाठी मोठी दुर्बीण लागते. भाचीच्या लोकांची दुर्बीण लडाखमध्ये हान्ले इथे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे; आरसा दोन मीटरचा, नाव हिमालयन चंद्र दुर्बीण. चंद्र म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. ती चालवायची मात्र बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत. म्हणजे दुर्बीण थंडीत कुडकुडते आणि खगोलशास्त्रज्ञ कर्नाटकात बसून चहा पितो. शेजारीच सत्तर सेंटिमीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ ही यंत्रमानवी दुर्बीण आहे, तिच्यात आयआयटी मुंबईचा वाटा आहे. ती कुणाला न विचारता रात्रभर आपली आपण चित्रं काढत असते. वर्णपट घेणं तितकं सोपं नाही. एका अरुंद फटीवर सतराव्या-अठराव्या प्रतीचा ठिपका नेमका आणून ठेवायचा, पाऊण तास हलू द्यायचा नाही, आणि त्या वेळात भारताच्या नकाशावर कुठेही ढग दिसले तर ते उत्तरेकडेच निघालेत असं समजून घाबरायचं.

आणि हा पाऊण तास येतो कुठून? दुसऱ्याच्या रात्रीतून. दुर्बिणीच्या रात्री महिनोन्‌महिने आधी अर्ज करून वाटलेल्या असतात. पण नवतारा अर्ज करून येत नाही, म्हणून अचानक घडणाऱ्या गोष्टींसाठी तातडीची सवलत ठेवलेली असते. कुणीतरी वर्षभर वाट पाहून मिळवलेल्या दोन रात्रींपैकी एका रात्री, ऐन अंधारात, त्याला फोन येतो: “सर, सॉरी हं, एक कॅन्डिडेट आलाय.” तो ‘अवश्य, अवश्य’ म्हणतो. उद्या त्याचा अतिनवतारा फुटला की हिच्या रात्रीचा लचका तो तोडणार असतो. या व्यवहारावर विज्ञानाचा सगळा सलोखा उभा आहे.

वर्णपट हाती आला, की सगळे आधी तांबड्या भागातली हायड्रोजनची रेषा बघतात. ती एच-अल्फा उंच, रुंद आणि झळाळती असली की उमेदवार पास, नवतारा पक्का. मग पोटवर्ग. १९९२ साली रॉबर्ट विल्यम्स यांनी, चिलीमधल्या निरीक्षणांवरून, दोन मुख्य वर्ग पाडले. ज्याच्यात हायड्रोजनखेरीज लोहाच्या रेषा ठळक, तो लोहवर्ग: रेषा त्या मानाने अरुंद, वेग बेताचे, उतरणीला अंमळ सावकाश. ज्याच्यात हेलियम आणि नायट्रोजनच्या रेषा ठळक, तो हेलियम-नायट्रोजन वर्ग: रेषा रुंद, माथ्यावर सपाट, वेग सेकंदाला अडीच हजार किलोमीटरच्या वर, आणि घाई फार. देवयानीत दहातले आठ लोहवर्गातले निघतात. काही थोडे दोन्हीकडचे असतात. रुंदीने एका घराण्याचे, रेषांनी दुसऱ्या. त्यांच्यासाठी ‘संकरित’ असा तिसरा कप्पा केला.

दोन वर्ग, एक कप्पा, सगळं नीट बसलं. मग कुणीतरी तोच नवतारा दुसऱ्यांदा बघितला. झालं! ज्याला परवा हेलियमवाला म्हणून तार केली होती तो आज लोहवाला झालेला, आणि महिन्याने पुन्हा हेलियमकडे परत. खुद्द विल्यम्सनीच २०१२ मध्ये लिहिलं, की काही नवतारे एका वर्गातून दुसऱ्यात जातात. २०२४ मध्ये एलियास आयदी आणि सहकाऱ्यांनी तर स्फोटानंतर अगदी लवकर घेतलेले वर्णपट जमवून असं दाखवलं, की हे दोन वर्ग म्हणजे दोन जाती नव्हेतच. एकाच नवताऱ्याच्या आयुष्यातल्या या पायऱ्या: आधी हेलियम-नायट्रोजन, मग लोह, मग पुन्हा हेलियम-नायट्रोजन. फेकलेला वायू किती दाट, किती तापलेला, त्यावर कोणत्या रेषा दिसतील ते ठरतं. वेगवान नवतारा पायऱ्या उड्या मारत उतरतो, मंद एकेका पायरीवर बसकण मारतो. म्हणजे तीस वर्षं सुटलेल्या तारांमध्ये ‘हा अमुक वर्गातला’ म्हणून जे लिहिलं, त्यात बराच वाटा ‘त्या रात्री ढग नव्हते’ या माहितीचा होता. मला हा शोध फार आवडला. भाचीलाही आवडला, पण तिने त्याआधी केलेल्या तारांबद्दल मी विचारलं तेव्हा ती दुसऱ्या विषयाकडे वळली.

तरीही वर्ग लिहावाच लागतो. त्याशिवाय यादीतला रकाना रिकामा राहतो, आणि रिकामा रकाना माणसाला सहन होत नाही. फरक इतकाच, की आता शहाणे लोक वर्गाबरोबर तारीख लिहितात.

या सगळ्या कारभाराला पुरून उरलेला एक तारा देवयानीत आहे. त्याचं नाव एम३१एन २००८-१२ए. घाबरायचं कारण नाही. एम३१ ही देवयानी, एन नवताऱ्याचा, २००८ साल, बारावा महिना, त्या महिन्यातला पहिला. निशियामा आणि काबाशिमा या दोन हौशी जपानी निरीक्षकांनी तो टिपला. हे दोघे, चेक प्रजासत्ताकातले कामिल होर्नोख, असे लोक बिचारे रात्रीमागून रात्री देवयानीची चित्रं काढत आले, म्हणून तर बाकीच्यांना वर्गवारी करायला कुणीतरी मिळतं. तर हा तारा २००८ च्या डिसेंबरात फुटला, नियमाप्रमाणे नाव मिळालं, आता हजारो वर्षं बघायला नको म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले. पुढे लक्षात आलं की तो २००९ मध्येही फुटला होता. २०११ मध्येही. २०१२ मध्येही. २०१३ पासून मग लोक त्याची वाटच बघू लागले. हा दरवर्षी फुटतो. इतर नवताऱ्यांना हजारो वर्षं लागतात ते काम हा साधारण बारा महिन्यांत उरकतो.

कारण तसं साधं आहे. त्याचा श्वेतबटू भारी आहे, सुमारे १.३८ सूर्यांचा. श्वेतबटूला फार तर सुमारे १.४ सूर्यांइतकं होता येतं, त्यापलीकडे त्याला स्वतःचा भार पेलत नाही, ही मर्यादा चंद्रशेखरांचीच. १९३० साली विलायतेच्या बोटीवर एकोणिसाव्या वर्षी त्यांनी हे गणित मांडायला घेतलं होतं. त्यांच्या नावाची दुर्बीण त्यांच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभ्या राहिलेल्या ताऱ्याकडे रोखलेली असते, हा योग जुळवूनही जुळला नसता. इतक्या जड श्वेतबटूवर हायड्रोजनचा पातळ थरसुद्धा पुरतो. जमला की पेटला. आणि पेटला की दोनेक दिवसांत दोन प्रती उतरलाही. वर पुन्हा फिका, म्हणजे कासलीवाल यांच्या नियमभंग्यांतला. वर्ग हेलियम-नायट्रोजन. त्याच्याभोवती चारशे प्रकाशवर्षांहून मोठं कवच सापडलं आहे. लाखो वर्षं दरवर्षी झाडून बाहेर टाकलेल्या केराचा हा बांध.

असा नेमाचा तारा मिळाल्यावर खगोलशास्त्रज्ञ निर्धास्त झाले आणि आगाऊ तयारी करू लागले. २०१६ मध्ये सगळ्या खंडांतल्या दुर्बिणी सज्ज होत्या. तो आला नाही. ऑगस्ट गेला, ऑक्टोबर गेला. शेवटी १२ डिसेंबरला, आधीच्या स्फोटानंतर ४७२ दिवसांनी, तो उजाडला. त्यावरच्या शोधनिबंधाला लेखकांनी ‘सवय मोडताना’ अशा अर्थाचा मथळा दिला आहे. त्यात विज्ञान भरपूर आहे, पण मथळ्यातला सूर रात्री उशिरा घरी आलेल्या मुलाला दार उघडणाऱ्या बापाचा आहे.

त्याचं शेवटी काय होणार हे त्याच्या पोटात काय आहे त्यावर ठरेल. श्वेतबटू कार्बन-ऑक्सिजनचा असेल तर अतिनवतारा होऊन उडेल. ऑक्सिजन-निऑनचा असेल तर आत कोसळून न्यूट्रॉन तारा होईल. वीस हजार वर्षांच्या आत निकाल लागावा असा हिशेब आहे. तोवर दर साल एक स्फोट, एक तार, एक वर्णपट.

भाची या वेळच्या अर्जात त्याच्यासाठी रात्री मागते आहे. स्फोटाची अपेक्षित तारीख लिहायचा रकाना आहे. तिने दोन महिन्यांची मुदत लिहिली.

“आणि तो त्या मुदतीत आला नाही तर?” मी विचारलं.

“तर वेळ फुकट जात नाही मामा, दुसऱ्याला देतात.”

“कुणाला?”

“असतो ना एक. मागच्या वेळी ज्याचा पाऊण तास मी घेतला होता तो.”

“मग त्याला काय वाटत असेल?”

“परवा मेसपाशी भेटला होता,” ती म्हणाली. “माझ्या ताऱ्याची तब्येत विचारत होता.”